लेनियर, शरद २०२४: पाण्याचे थर आणि बास (प्रकल्प नोंदी)

१ सप्टेंबर, रविवार

उद्या लेबर डे. आज लेकवर जाण्यात काही अर्थ नाही. जेट स्की, वेक बोटी आणि मोठ्याने लावलेली गाणी. म्हणून घरीच सोल्डरिंग.

प्रकल्प असा. अटलांटाच्या उत्तरेला लेक लेनियर, आमच्या घरापासून गाडीने जवळच. दर वर्षी ऑक्टोबर उजाडला की बोटी उतरवायच्या रॅम्पवर एकच वाक्य कानावर येतं: "लेक उलटला." म्हणजे तळाचं पाणी वर येऊन वरच्यात मिसळलं. मासा लागला नाही, लेक उलटला. पाणी काळपट दिसलं, लेक उलटला. काल भरपूर लागले आणि आज एकही नाही, तर रात्रीत उलटला. मला हे कधी पटलेलं नाही. एवढं पाणी रात्रीत कूस बदलत नसणार. तेव्हा मोजून बघायचं ठरवलं. लेकच्या एकाच फाट्यातल्या (जमिनीत शिरलेल्या पाण्याच्या फांदीतल्या) ठरलेल्या दोन जागांवर डिसेंबरपर्यंत वरपासून खालपर्यंत तापमान घ्यायचं, फिश फाइंडरवर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) आमिषमासळी आणि तिला खाणारे बास मासे किती खोलीला दिसतात ते लिहायचं, आणि मग गळ टाकून खात्री करायची. गळाचा भाग नसता तर पहिल्या दोन्ही कामांना हात लावला नसता, हेही इथे लिहून ठेवतो.

लेकबद्दल थोडं. हे नैसर्गिक तळं नव्हे. चॅटहूची नदीवर आर्मी कोर ऑफ इंजिनिअर्सने १९५० च्या दशकात ब्यूफर्ड धरण बांधलं, त्याचं हे पाणी. भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून १०७१ फूट, पसारा सुमारे ३८ हजार एकर. खाली शेतं, रस्ते आणि गेन्सव्हिलजवळचा मोटार शर्यतींचा एक ट्रॅकसुद्धा बुडालेला आहे. नाव कवीचं, सिडनी लेनियरचं. १९९६ च्या ऑलिंपिकची नौकानयन स्पर्धा याच पाण्यावर, वरच्या टोकाला झाली.

सामान: स्टीलच्या नळीत बंद केलेला डीएस१८बी२० सेन्सर, ८० फूट तीन तारांची केबल, आकडे वाचायला ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड, ४.७ किलोओमचा रेझिस्टर, पॉवर बँक, आणि सगळं मावेल असा घट्ट झाकणाचा डबा. टोकाला अर्धा किलो शिसं. ते नसेल तर वाऱ्याने कयाक सरकते, केबल तिरकी होते आणि ४० फूट म्हणून ३० फुटांचं तापमान लिहिलं जातं. दर पाच फुटांना खूण हवी; चिकटपट्टी पाण्यात सुटते, म्हणून नेलपॉलिश. पाचाला लाल, पंचविसाला निळं. बाटल्या बायकोने दिल्या. निळ्या रंगाबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं, म्हणूनच ती मिळाली.

७ सप्टेंबर, शनिवार

आज गणपती बसले. आरतीनंतर मंडळी मोदकांकडे वळली तेवढ्यात सेन्सर बारीक केलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिला. ०.२ सेल्सिअस. कंपनी अर्धा अंश इकडेतिकडे होईल म्हणते, त्यामानाने फारच चांगलं. मधेच एकदा उणे १२७ दाखवलं. तो आकडा तापमान नसतो, तार सुटल्याची खूण असते. सांधा पुन्हा डागला, वरून श्रिंक ट्यूब.

सेन्सर सेल्सिअसमध्ये बोलतो आणि अमेरिकन मच्छीमार फॅरनहाइटमध्ये. पुढचे सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये लिहीन, नाहीतर रॅम्पवर कुणाशी बोलता यायचं नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

पहिली फेरी. यंग डीअर क्रीक, धरणाच्या जवळचा फाटा. उजाडायच्या आधी कयाक पाण्यात, डोक्याला पांढरा दिवा, अंगात लाइफ जॅकेट. मावसभाऊ त्याच्या कयाकमध्ये मागून येतोय.

जागा क्रमांक एक: फाट्याचं तोंड, जिथे माझी केबल संपते पण तळ लागत नाही. जागा क्रमांक दोन: आत, जुन्या ओढ्याच्या पात्रावर, ४५ फूट पाणी.

पहिल्या जागेचे आकडे:
वर ८१. २५ फुटांवर ७९. ३० वर ७४. ३५ वर ६६. ४० वर ६०. ५० वर ५५. ८० वर ५२.

म्हणजे पहिल्या २५ फुटांत दोन अंश आणि पुढच्या १५ फुटांत एकोणीस. हीच ती थर्मोक्लाइन, गरम आणि गार थरांमधली सीमा. फिश फाइंडरची संवेदनशीलता वाढवली की ती पडद्यावरही दिसते, ३० फुटांच्या आसपास आडवा धुरकट पट्टा. त्याच्या वर माशांच्या कमानी, खाली काही नाही. उन्हाळाभर वरचं गरम पाणी आणि खालचं गार पाणी एकमेकांत मिसळत नाही, कारण वजनात फरक असतो. फरक तसा थोडा आहे: २७ सेल्सिअसचं एक घनमीटर पाणी १२ सेल्सिअसच्या पाण्यापेक्षा जेमतेम तीन किलोने हलकं. पण वाऱ्याला तेवढं ढवळून काढता येत नाही. मग खालच्या थराला हवा मिळत नाही. तिथे कुजणारी पानं आणि शेवाळ असलेला ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी बासला तिथे फार वेळ राहणं कठीण होतं. ऑक्सिजन मोजायचं यंत्र महाग आहे. माझ्यासाठी मासे हेच यंत्र.

प्रत्येक खोलीला एक मिनिट थांबावं लागतं, स्टीलची नळी सावकाश थंड होते. त्या काळात भाऊ तीन वेळा गळ टाकून झाला.

"दादा, तू मासे धरायला आलायस की लेकचा ताप मोजायला?"

"दोन्ही. तू टाक."

त्याने २६ फुटांवर, ब्रश पाइलवर ड्रॉप शॉट (खाली शिसं, वर गळ) सोडला आणि दुसऱ्याच मिनिटाला स्पॉट, म्हणजे इथला ठिपक्यांचा बास, काढला. ब्रश पाइल म्हणजे लोकांनी मुद्दाम बुडवलेल्या झाडांच्या फांद्या. लेनियरमध्ये अशा असंख्य आहेत आणि प्रत्येकाला वाटतं आपली कुणाला ठाऊक नाही. जी पाइल सीमेच्या थोडी वर, तिथे मासे. ३८ फुटांवर एक मोठी छान पाइल आहे. तिथे शुकशुकाट.

२१ सप्टेंबर, शनिवार

आकडे जवळपास तेच, वरचं पाणी ७९. ते सोडून देतो. आज माशाबद्दल लिहायचं आहे.

इथला मुख्य बास म्हणजे स्पॉट. दुसरा बास, लार्जमाउथ, फाट्यांच्या आतल्या भागात, डॉकखाली. ओळखायची रीत: तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचा शेवट बघायचा. डोळ्याच्या मागे गेला तर लार्जमाउथ, डोळ्याखालीच थांबला तर स्पॉट. तरी शंका असेल तर जिभेवर बोट फिरवायचं. स्पॉटच्या जिभेवर मधोमध खरखरीत चौकोनी ठिपका लागतो. शिवाय पोटाच्या बाजूला ठिपक्यांच्या ओळी. जीवशास्त्रज्ञ यांना आता अलाबामा बास म्हणतात, २००८ पासून ती वेगळी जात धरली जाते. चॅटहूचीत ते मूळचे नाहीत, बाहेरून आले आणि मालक झाले. रॅम्पवर मात्र सगळे स्पॉटच म्हणतात, मीही.

ड्रॉप शॉट म्हणजे तंगुसाच्या टोकाला शिसं आणि त्याच्या फूट-दीड फूट वर लहान गळ, गळाला बोटभर रबरी मासळी. शिसं फांदीत टेकतं, मासळी फांदीवर तरंगत राहते. हात हलवायचा नाही, हे सगळ्यात अवघड. खेच अशी जाणवतच नाही. तंगूस थोडा जड लागतो, ओली चिंधी अडकावी तसा, आणि मग रॉडचं टोक सावकाश खाली जातं. झटका दिला की गेला. नुसतं रीळ फिरवायचं.

खोलातून काढलेल्या माशाची एक अडचण. २६-२८ फुटांवरून भरकन वर आणला की त्याची हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावर तो पोट वर करून तरंगतो. काही जण बाजूने सुई घालून हवा काढतात. माझा हात तेवढा स्थिर नाही. मी खालच्या ओठाला चिमट्याने वजन लावतो आणि तंगुसावरून त्याला पुन्हा २० फुटांवर सोडतो. दाब परत मिळाला की तो आपला आपण निसटतो. वेळ लागतो, पण करायलाच हवं. आणि पाणी गरम असताना ३० फुटांच्या खालचे मासे शोधूच नयेत.

२८ सप्टेंबर, शनिवार

लेकवर गेलो नाही. गुरुवारी रात्री हेलीन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याला धडकलं आणि काल पहाटे जॉर्जियातून वर गेलं. अटलांटात प्रचंड पाऊस. आमच्याकडे दिवसभर वीज नव्हती, बाकी काही नाही. उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरातून येणाऱ्या बातम्या वाईट आहेत.

५ ऑक्टोबर, शनिवार

फाट्याच्या आतलं पाणी लालभडक. जॉर्जियाची माती आमच्या कोकणासारखीच लाल, आणि ओढे आषाढात अलिबागकडे जसे वाहतात तसेच वाहत होते. ओंडके, बाटल्या, कुणाच्या तरी डॉकची फळी. कयाक जपून चालवली.

मला वाटलं होतं एवढ्या पावसाने थर मोडले असतील. पहिल्या जागेवर केबल सोडली: वर ७६, ३० फुटांवर ७५, ३५ वर ७१, ४० वर ६३, ५० वर ५६. वरचा थर गार झाला, सीमा पाचेक फूट खाली गेली, एवढंच. ५० फुटांखाली वादळाची खबरच पोचलेली नाही. ओढ्यातून आलेलं पाणी वरच्या थरातच पसरलं.

हे मला महत्त्वाचं वाटतं. एक अख्खं चक्रीवादळ गेलं आणि लेक उलटला नाही.

मासे: गढूळ आणि स्वच्छ पाण्याच्या रेषेवर, स्वच्छ बाजूला. पांढरा स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष). दोन चांगले लार्जमाउथ.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सकाळी सोनं वाटायला आपट्याची पानं कुठून आणणार. मंडळाच्या कार्यक्रमाला संध्याकाळी जाऊ. सकाळ लेकची.

आणि काय सकाळ! आठाच्या सुमारास वायव्येचा वारा सुटला. फाट्याच्या तोंडाशी पाण्यात शिरलेलं जमिनीचं एक नाक आहे, त्याच्या टोकाला पाणी फुटायला लागलं. आधी एक फटकारा, मग तीन, मग खोलीभर जागेत पांढरं पाणी. खालून स्पॉट हेरिंग या आमिषमासळीला पृष्ठभागावर रेटत होते.

ब्लूबॅक हेरिंगबद्दल सांगायला हवं, कारण या लेकचं सगळं गणित त्या माशावर आहे. तो मूळचा अटलांटिकच्या किनाऱ्यावरचा, समुद्रातून नद्यांत अंडी घालायला येणारा. इथे बाहेरून आला आणि टिकला. शॅड ही इथली दुसरी आमिषमासळी काठाच्या, फाट्याच्या आडोशाला जाते. हेरिंग मोकळ्या, खोल, गार पाण्यात झुंडीने फिरत राहतो. म्हणून लेनियरचे स्पॉटही फिरते झाले. काल जिथे होते तिथे आज नसतात. उन्हाळ्यात हेरिंग सीमेच्या जवळ, गार पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही मिळतील अशा अरुंद पट्ट्यात कोंडलेला असतो. वरचं पाणी पंचाहत्तरच्या खाली आलं की त्याला वर यायची मुभा मिळते. आजचं वरचं पाणी ७३.

लांबट टॉपवॉटर (पाण्यावर तरंगणारं आमिष) लावला, पाच इंची, चंदेरी. त्याला चालवायची युक्ती हातात आहे: तंगूस ढिला ठेवून टोकाला छोटे छोटे हिसके, म्हणजे तो डावीकडे-उजवीकडे नाक मुरडत येतो. ताणून ओढला तर नुसता सरळ येतो आणि स्पॉट ढुंकूनही बघत नाहीत. पहिल्याने मागून येऊन चक्क हवेत उडवला, गळ लागला नाही. थांबलो नाही, तसाच चालवत राहिलो, दुसऱ्याने घेतला. इथे घाई नडते. फटकारा दिसल्या दिसल्या रॉड उचलला तर आमिष त्याच्या तोंडातून निघून येतं. वजन हाताला लागेपर्यंत दम धरायचा.

कयाकमध्ये घेतल्यावर त्याने एक हेरिंग ओकला. अजून ओलसर चमकणारा, पाठीला निळसर हिरवा, डोळा अंगाच्या मानाने मोठा, डोक्याकडची बाजू पचायला लागलेली. मोजपट्टीवर ठेवला: साडेचार इंच. माझ्या डब्यातले अर्धे आमिष तीन इंचाचे आहेत. ते घरी ठेवायचे.

वारा पडला तसा खेळ बंद. दहा मिनिटांत पाणी गप्प.

सीमा: ३६ फूट.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस चांगली थंडी. पहाटे पाण्यावरून वाफ निघत होती, बोटं तंगुसाला गाठ मारेनात. पालोमार गाठ तोंडाने ओली करून ओढायची असते, ओठ सुन्न.

पहिली जागा: ३५ फुटांपर्यंत सरसकट ७०, ४० वर ६६, ४५ वर ६०. दुसऱ्या जागेवर ४० फुटांपर्यंत ७०, अगदी तळाशी ६२.

आज एक वेगळी फेरी केली. फाट्याच्या पार आत गेलो, जिथे पाणी १५-२० फूट. तिथे वरपासून खालपर्यंत ६९. एकही थर नाही. म्हणजे तिथला लेक केव्हाच एकजीव झालाय, आणि तोंडाशी अजून दोन मजले आहेत. एकाच फाट्यात. आतल्या काठावरून रोज गळ टाकणारा म्हणेल उलटला, बाहेरचा म्हणेल नाही, आणि दोघांचंही खरं.

आत शॅड आलेत. ओढ्याच्या पात्रात पृष्ठभागाखाली ढगाएवढ्या झुंडी. त्यांच्यामागे लार्जमाउथ, सहा-आठ फूट पाण्यात, डॉकच्या सावलीच्या कडेला. लहान क्रँकबेट (ओढला की बुडी मारणारं माशाच्या आकाराचं आमिष), खांबाला आपटवत. आपटून तो तिरका उसळतो त्या क्षणी घेतात.

जॉर्जियात लार्जमाउथचं नाव निघालं की जॉर्ज पेरीचं नाव निघतंच. २ जून १९३२, मंदीचे दिवस, माँटगोमरी लेक नावाचं ओकमल्गी नदीचं एक सोडलेलं वळण. २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोच्या वर. त्या विक्रमाला २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने गाठलं. त्याचा मासा थोडा जास्त भरला होता, पण विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात, म्हणून आज दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत. पेरीने तो मासा घरी नेऊन खाल्ला म्हणतात. मीही तेच केलं असतं. माझा आजचा सगळ्यात मोठा तीन पौंडांच्या आत.

२६ ऑक्टोबर, शनिवार

वारा नाही, ढग नाही, मासा नाही. महिनाभर पाऊसही नाही. सीमा ४० फूट.

२ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी. फराळाचा डबा कयाकमध्ये. रॅम्पवर एक म्हातारे गृहस्थ बोट बाहेर काढत होते, नेहमी भेटतात. त्यांना चकली दिली. त्यांनी आधी वास घेतला, मग खाल्ली, मग आणखी एक मागितली.

"आज काही नाही," ते म्हणाले. "लेक उलटला. मंगळवारी."

"मंगळवारी कसं कळलं?"

"सोमवारी लागले होते."

यावर वाद घालणं शक्य नव्हतं. चाळीस वर्षं ते इथे मासे पकडतायत आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पकडतात. मी केबल काढून दाखवली, त्यांनी नेलपॉलिशच्या खुणांकडे बघून मान हलवली.

त्यांचं बोटीतून उतरणं आणि माझं आकडे घेणं यात तासाभराचं अंतर. पहिली जागा: ४२ फुटांपर्यंत ६८, ५० वर ५९, ८० वर ५२. थर जसेच्या तसे. पण त्यांना मासा का लागला नाही त्याचं उत्तर फिश फाइंडरवर होतं. दोन महिने ज्या पाइल्सवर आपण उभे राहायचो, २५ ते ३० फूट, त्यांच्यावर काही नाही. बासना आता सीमेपर्यंतचे ४२ फूट मोकळे मिळालेत. उन्हाळ्यात ते सगळे एका मजल्यावर दाटीने होते, आता घर मोठं झालं आणि पांगले. मासे तेवढेच, जागा दीडपट. लोकांना जो "उलटला" जाणवतो तो बहुतेक हाच असावा: जुनी जागा ओस पडणं. पाणी उलटायला अजून दोन महिने आहेत.

आणखी एक पुरावा आहे आणि त्याला केबलही लागत नाही. ब्यूफर्ड धरण खालचं गार पाणी सोडतं, म्हणून धरणाखाली चॅटहूचीत बारा महिने ट्राउट जगतात, तेही अटलांटासारख्या गरम शहराच्या उशाला. त्या ट्राउटना गार पाणी पुरतंय ते या तळच्या थरामुळेच.

उद्या घड्याळ एक तास मागे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काल त्रिपुरी पौर्णिमा झाली. पहाटे चंद्र पश्चिमेला, दिव्याची गरज नाही.

दुसऱ्या जागेवर आज काहीतरी झालंय हे केबल टाकायच्या आधीच कळलं. पाणी हिरवट तपकिरी, वाऱ्याच्या कडेने फेसाच्या पट्ट्या, आणि वास. काड्यापेटी ओली होऊन सुकल्यावर येतो तसला गंधकी, अंड्याकडे झुकणारा. आकडे: वर ६४, ४५ फुटांवर ६३.

इथे खालचा थर संपला. महिनोन् महिने हवेविना राहिलेलं तळाचं पाणी वर येऊन मिसळलं. त्यात गंधकाचा वायू, कुजलेलं काय काय, आणि ऑक्सिजन नाही. मिसळल्यावर सगळ्या पाण्यातला ऑक्सिजन काही दिवस उतरतो आणि मासे सुस्तावतात. तेव्हा रॅम्पवरची भीती अगदीच खोटी नाही. पण तिचा पल्ला छोटा: इथून पॅडल मारत अर्ध्या तासात फाट्याच्या तोंडाशी गेलो, पाणी निवळ, वास नाही. ६४ अंश ४८ फुटांपर्यंत, ५५ वर ५७. तिथे स्पॉट मजेत होते.

म्हणून नियम, माझ्यापुरता: वास आला की जागा बदला, दिवस नको. एक तर पार आत जा, जिथे महिन्यापूर्वीच मिसळून पाणी सावरलंय, नाहीतर पार बाहेर, जिथे अजून मिसळायचंय.

मिशिगनमध्ये असताना हे दोनदा बघायला मिळायचं. तिकडे हिवाळ्यात वर बर्फ धरतो आणि त्याच्याखाली उलटे थर लागतात, कारण पाणी ४ सेल्सिअसला सगळ्यात जड. वसंतात पुन्हा मिसळतं. लेनियर गोठत नाही, म्हणून इथे वर्षातून एकदाच, आणि तेही सावकाश.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पक्षी आले. उत्तरेकडचे लून दर हिवाळ्यात इथे येतात, आणि गल, म्हणजे कुरव. गलांचा थवा जिथे घिरट्या घालतो तिथे हेरिंग, हे फिश फाइंडरपेक्षा लवकर कळतं. लून बुडी मारून कुठे निघतो तेही बघायचं. तो उगाच बुडत नाही.

थवा बघून पोचलो तर खाली स्ट्रायपर, पट्ट्यापट्ट्यांचा मोठा मासा. स्ट्रायपर इथे अंडी घालून वाढत नाहीत, सरकार पिल्लं सोडतं. हलक्या रॉडवर त्यातला एक लागला. कयाक त्याने ओढत नेली आणि शेवटी तंगूस तोडला. माझ्या आवडत्या स्पूनसकट (चमच्यासारखं धातूचं आमिष).

उरलेला दिवस दुसऱ्या स्पूनवर. चांदीचा पत्रा सरळ खाली सोडायचा, ४० फुटांवर, दोन हात वर उचलून पुन्हा पडू द्यायचा. पडतानाच घेतात. तंगूस ४० च्या ऐवजी ३३ वर थांबला, की मासा.

३० नोव्हेंबर, शनिवार

थँक्सगिव्हिंगच्या पाठोपाठ कडाका. पहिली जागा: ५५ फुटांपर्यंत ६०, ६५ वर ५५.

आज दोन मध्यम स्पॉट घरी आणले. एरवी सोडतो. जॉर्जियाचं पर्यावरण खातं तलावागणिक कुठला मासा किती खावा याचे सल्ले छापतं, पाऱ्यामुळे. मोठ्यांत जास्त साठतो, म्हणून मोठे नकोतच. भावाने खवले काढले. बारीक आणि चिवट आहेत, उलट्या चमच्याने खरवडावे लागतात. हळद, मीठ, आगळ, लसणाचा ठेचा, वरून रवा. मांस पांढरं, पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारं.

"जिताड्याची सर नाही," भाऊ म्हणाला.

नाहीच. पेण-अलिबागच्या तळ्यातला जिताडा खाल्लेल्या माणसाने तुलना करू नये. दोघांनाही इंग्रजीत बास म्हणत असले तरी नातं लांबचं. हा सूर्यमाशांच्या कुळातला. मात्र दबा धरून बसणं, मोठं तोंड उघडून आमिष पाण्यासकट ओढून घेणं, हे सारखं. दोन्ही मासे पहिल्या खेचेला हाताला जवळपास तसेच लागतात. बायकोने तिसरी तुकडी घेतली, तेव्हा एकूण निकाल ठीक.

१४ डिसेंबर, शनिवार

पहिली जागा: ७० फुटांपर्यंत ५५, ८० वर ५३. सीमा आता माझ्या केबलच्या टोकाशी. दर आठवड्याच्या आकड्यांची रेघ काढली तर ती पायऱ्यांनी उतरते, पण कुठेच तुटत नाही. सप्टेंबरमध्ये सावकाश, नोव्हेंबरच्या शेवटी भराभर. कारण सरळ आहे: गरम पाण्यात एका अंशाने वजनात जेवढा फरक पडतो तेवढा गार पाण्यात पडत नाही, थरांची पकड ढिली होते, आणि मग साधा उत्तरेचा वाराही पुरतो.

स्पॉट ४० ते ५० फुटांवर, बुडालेल्या ओढ्यांच्या चरांत. सकाळी उन्हाआधी तासभर हेरिंग चरांतून वर येतो, ते त्याच्यामागे. नऊनंतर पुन्हा खोल.

२८ डिसेंबर, शनिवार

वर ५३, ८० फुटांवर ५३. दशांशात थोडा फरक आहे, तो सेन्सरच्या चुकीच्या आतला. फाट्याच्या तोंडाशी ८० फुटांपर्यंत लेक एकजीव झाला. वास नाही, फेस नाही, पाण्याचा रंगही बदललेला नाही. इथे वरच्या पाण्याच्या मानाने खालचं उरलेलं पाणी एवढं थोडं होतं, की मिसळल्याचं कुणाला कळलंसुद्धा नसेल. म्हातारे गृहस्थ रॅम्पवर होते. सांगितलं की पाणी आता उलटलं. त्यांनी डिक्कीतून थर्मास काढला, कॉफी ओतली आणि म्हणाले, आता काय उपयोग, मोसम तर संपला.

केबलची निळी खूण ५० फुटांवर झिजलीय आणि ५५ जवळ वरचं आवरण सोललंय. धरणाच्या भिंतीजवळ पाणी दीडशे फुटांच्या आसपास आहे, तिथे अजून काही शिल्लक असेल तर ते ८० फुटांत दिसायचं नाही. १२० फूट केबल मागवली. एवढ्या लांबीला रेझिस्टर कमी ओमचा लागेल का, ते आधी घरी बादलीत.